न पाहतां घेतलेली सायकल

देवणीस बैल कसा घेतात हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक नसेल, म्हणून प्रथम तेवढें सांगतों. पुढें सायकलीकडे वळतांना त्याचाच उपयोग होणार आहे.

लातूर जिल्ह्याच्या पूर्व भागांत, कर्नाटकाच्या सीमेलगत, बालाघाटाच्या पठारावर आमचें हें तालुक्याचें गांव आहे. गांव लहान, पण त्याचें नांव एका गोवंशास मिळालें आहे. गीर, डांगी आणि येथील गांवठी गुरें यांच्या मिश्रणांतून देवणी जात तयार झाली असें जाणकार मानतात. तिच्यांत पांढऱ्या अंगाचा बालंक्या, तोंडाच्या बाजू काळ्या असलेला वानेरा आणि अंगावर काळे ठिपके असलेला वाघ्या किंवा शेवरा असे भेद करतात. हाळी-हंडरगुळीच्या बाजारांत किंवा माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत असा बैल विकावयास उभा राहिला म्हणजे घेणारा प्रथम त्याचें तोंड उघडून दांत पाहतो. पक्का दांत न आलेला तो आदत, दोन आलेला दुसा, चार आलेला चौसा, सगळे आलेला जुळलेला. मग खूर उचलून पाहतो, खांदा दाबून पाहतो, वशिंडावरून हात फिरवितो, बैलाला चालवितो, मागें सारतो, बसवितो, उठवितो. गाड्याला जुंपून पाहिल्यावांचून शहाणा मनुष्य इसार देत नाहीं. दर ठरतो तो मात्र रुमालाखालीं, बोटांच्या खुणांनीं. तेथें भाव झांकतात. बैल कोणी झांकीत नाहीं.

अशा या गांवीं, आमच्याच घरांत, गेल्या वर्षीं सत्तर हजार रुपयांची एक जुनी, वापरलेली सायकल चौदा छायाचित्रांवर विकत घेण्यांत आली. तिला आमच्यापैकीं कोणीं हात लावला नव्हता, किंबहुना ती ज्या शहरांत होती त्या शहरींहि त्या दिवसांत कोणी गेलें नव्हतें.

घेणारा आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा. तो उदगीरच्या एका महाविद्यालयांत गणित शिकवितो. चार वर्षांपूर्वीं त्याला लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्यांचा नाद लागला. आम्हीं प्रथम नाद म्हटलें, पुढें तो शब्द मागें घेतला. कारण पहांटे चारला उठणें, रात्रीचें जागरण सोडणें आणि श्रावणांतल्या पावसांतहि नेम न चुकविणें या गोष्टी नादी माणसाच्या हातून होत नाहींत. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं सन २०१५ मध्यें दोघांच्या गटानें अमेरिका खंड या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत सायकलीवरून ओलांडलें. सन २०१७ मध्यें नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं तीच सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत एकट्यानें बारा दिवसांच्या आंत पुरी केली. तेव्हांपासून आपल्याकडील डॉक्टर, वकील, शिक्षक अशा बैठ्या व्यवसायांतील मंडळींत या वेडाला कांहीं प्रतिष्ठा आली, असें आम्हांस वाटतें. २०० किलोमीटर साडेतेरा तासांच्या आंत कापणें ही या फेऱ्यांतली पहिली पायरी. ती आमच्या पुतण्यानें आपल्या जड सायकलीवर दोनदां ओलांडली. ३०० च्या फेरीस मात्र शेवटच्या चढावर त्याचे पाय गळाले, आणि घरीं आल्यावर त्यानें प्रथमच कार्बनच्या सायकलीचें नांव काढलें.

"कार्बन म्हणजे कोळसाच ना रे?" असें आत्याबाईंनीं विचारलें, आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीनें त्यांचें कांहीं चुकलें नव्हतें. त्याच मूलद्रव्याचे केसाहून कितीतरी बारीक असे तंतु काढतात, त्यांचे पट्टे राळेसारख्या चिकट द्रव्यांत भिजवितात, सांच्यांत थरावर थर मांडतात आणि उष्णता व दाब देऊन तें सर्व एकजीव घट्ट करतात. इंग्लंडांत फार्नबरो येथील विमानसंशोधनाच्या सरकारी संस्थेंत १९६० नंतरच्या दशकांत हे बळकट तंतु करण्याची रीत निघाली ती विमानांसाठीं. सायकलींत त्यांचा गाजावाजा झाला तो पुढें. सन १९८६ मध्यें फ्रान्सची मोठी शर्यत ग्रेग लेमाँड यानें कार्बनच्या नळ्यांच्या सायकलीवर जिंकली, आणि सन १९९२ मध्यें बार्सिलोनाच्या ऑलिंपिकांत ख्रिस बोर्डमन एकसंध कार्बनाच्या विचित्र आकाराच्या सायकलीवर सुवर्णपदक घेऊन गेला. पुढें या सायकली इतक्या हलक्या झाल्या कीं, ६.८ किलोहून हलकी सायकल शर्यतींत आणूं नये असा निर्बंध आंतरराष्ट्रीय संघटनेस सन २००० मध्यें घालावा लागला. आमच्या तीर्थरूपांची जी काळी लोखंडी सायकल अजून पडवींत उभी आहे, तिच्या वजनांत अशा जवळजवळ तीन सायकली बसतील.

हलकेपणाचें कौतुक पुष्कळ झालें. या पदार्थाचा दुसरा एक स्वभाव आहे आणि आमच्या कथेचें मूळ त्यांत आहे. लोखंड आपटलें तर वांकतें, वांकलेलें दिसतें, दिसलें कीं मनुष्य सावध होतो. कार्बन वांकून राहत नाहीं. त्याचे थर आंतल्या आंत सुटतात, बारीक चीर पडते आणि वरचा रंग जसाच्या तसा तुळतुळीत राहतो. पुढें एखाद्या दिवशीं, बहुधा जोर बसला असतांनाच, तो भाग एकदम तुटतो.

नवी सायकल घेण्याइतकी पुतण्याची ऐपत नव्हती. चांगल्या नव्या सायकलीची किंमत लाखांत सांगतात. जुनी पाहावी तर आमच्या बाजूस ती कोठून मिळणार? असल्या सायकली पुणें, मुंबई, बंगळूर येथें, आणि त्यांतहि आपल्या उंचीला साजेशी फ्रेम सांपडावयास महिनेच्या महिने लागतात. म्हणून न पाहतां घेणें हा त्याचा अविचार नव्हता, निरुपाय होता. आमच्या घरांतल्या वडील मंडळींनीं हें प्रथम ध्यानांतच घेतलें नाहीं.

वस्तुतः परगांवाहून सायकल मागविणें हें आजचें नवल नव्हे. सन १८८८ च्या सुमारास लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक असतां तेथून सायकली घेऊन बेळगांवीं आपले बंधु रामूअण्णा यांजकडे धाडीत, आणि रामूअण्णा त्या विकून वर गिऱ्हाइकास बसावयास शिकवीत. पुढच्या एवढ्या मोठ्या कारखानदारीची ही पहिली पायरी होय. तेथें माल दुरून येई, पण विकणारा गांवांतला असे. चाक निखळलें तर जाब विचारावयास एक ओळखीची पायरी होती. नंतर व्ही. पी. नें घड्याळें आणि पुस्तकें घरोघर येऊं लागलीं, पण तो माल नवा. वापरलेल्या वस्तूला तिचा पूर्वीचा संसार चिकटलेला असतो, आणि तो छायाचित्रांत उतरत नाहीं.

बैठक बसली ती दिवाळीच्या आधीं. वहिनींचें म्हणणें एवढेंच होतें कीं, माठ घ्यावयाचा झाला तरी आपण चार वाजवून पाहतों. बंधु वकील, त्यांनीं विकणाराचा पत्ता, पावती आणि लेखी मजकूर मागितला. आम्ही पुतण्याच्या बाजूचे होतों हें येथें कबूल करतों. विकणारा सुशिक्षित होता, पत्रोत्तर तत्परतेनें देत होता, विचारलेलें प्रत्येक छायाचित्र पाठवीत होता. एवढ्या सरळ माणसावर संशय घेणें आम्हांस बरें वाटेना.

योगायोगानें त्या वेळीं आमच्या शेजारचे एक गृहस्थ ओसरीवर येऊन बसले होते. बैलाची पारख करावी ती त्यांनींच, असा पंचक्रोशींत त्यांचा लौकिक आहे. सर्व ऐकून घेऊन ते म्हणाले, "बाकीचं ऱ्हाऊ दे बाबा. आधी हे सांग, इकणारा इकतो कामून?"

"त्यानें नवी घेतली आहे, मामा," पुतण्या म्हणाला.

"चांगला बैल दावणीला असताना दुसरा कामून घेतला, हे इचारलास का?"

पुतण्या हंसला. आम्हीहि हंसलों. दुसरा एक गिऱ्हाईक तयार आहे असा निरोप त्याच रात्रीं आला आणि सकाळीं सत्तर हजार रुपये एकरकमी रवाना झाले. हे पैसे त्यानें तीन वर्षें शिकवणीचा एक वर्ग जादा घेऊन सांठविलेले होते.

उदगीरहून टेंपोनें भलें मोठें खोकें आलें. वहिनींनीं हळदकुंकू लावून सायकल घरांत घेतली. एका हाताच्या दोन बोटांवर ती उचलून दाखवितांना पुतण्याच्या मुद्रेवर जो आनंद होता तो आम्ही विसरणार नाहीं. रंगाला ओरखडा नव्हता. चौदाहि छायाचित्रें खरीं होतीं.

सतरा दिवस तो तिच्यावर बसला. अठराव्या दिवशीं ब्रेक दाबतांना हँडलाखालीं कट् असा बारीक आवाज येऊं लागला. स्क्रू सैल झाला असेल म्हणून त्यानें तो आवळला. आवाज दोन दिवस बंद झाला आणि पुन्हां आला. त्यानें पुन्हां आवळला. तिसऱ्या वेळीं मात्र त्याला कसेंसेंच वाटलें आणि सायकल घेऊन तो लातूरला एका अनुभवी कारागिराकडे गेला. पुढचें चाक ज्यांत बसतें त्या चिमट्याची नळी वर फ्रेमींतून निघते आणि तिच्या टोकाला हँडल आवळलेलें असतें. कारागिरानें हँडल काढलें. नळीला, अगदीं आवळलेल्या जागीं, केसाएवढी चीर होती. ती नळीच्या जवळजवळ निम्म्या घेराला फिरली होती.

आमच्या येथून मांजरेच्या अंगाला उतरणारा जो रस्ता आहे, त्यावर पुतण्या ताशीं ५० किलोमीटरांनीं उतरत असे. हँडल हातांत आणि चाक दुसरीकडे, अशी अवस्था तेथें झाली असती तर काय, हें कारागिरानें बोलून दाखविलें नाहीं; नुसता चिमटा त्याच्या हातांत दिला. घरीं वहिनींनीं ती चीर पाहिली आणि त्या कांहीं न बोलतां आंत गेल्या.

आतां विकणारानें फसविलें काय? आमच्या बंधूंचें प्रथम तेंच मत होतें. पुढें झालेल्या बोलण्यावरून मात्र आमची खात्री झाली कीं, त्या गृहस्थाला चीर ठाऊकच नव्हती. एकदां प्रवासाहून आल्यावर त्यानें स्वतः हँडल बसविलें होतें आणि लोखंडी सायकलीच्या संवयीनें साध्या किल्लीनें, मनगटाच्या जोरावर, घट्ट आवळलें होतें. कार्बनच्या नळीला हा जोर फार मोजून द्यावा लागतो. बहुतेक ठिकाणीं चार ते सहा न्यूटन-मीटर एवढाच, आणि त्यासाठीं जोर दाखविणारी निराळी किल्ली मिळते. ती त्याच्यापाशीं नव्हती. आमच्या पुतण्यापाशींहि नव्हती, आणि त्यानें दोनदां आवळून त्या चिरेंत किती भर घातली कोण जाणे! बैलाच्या बाजारांतला आणि या बाजारांतला खरा भेद आम्हांस येथें कळला. बैलाची खोड धन्याला पक्की ठाऊक असते. त्यानें ती लपविली तर आपण त्याचा चेहरा वाचूं शकतों, शपथ घालूं शकतों. येथें धनी अगदीं प्रामाणिक असूनहि त्याचा शब्द निरुपयोगी ठरतो, कारण खोड त्यालाहि दिसलेली नसते. सरळ माणूस मिळाला म्हणून आम्ही निश्चिंत झालों, हीच आमची चूक. त्याला विश्वास मागण्याऐवजीं हँडल काढून दाखवावयास सांगावयाचें होतें.

ज्यांच्या घरीं अशी खरेदी व्हावयाची असेल त्यांच्यासाठीं थोडें अधिक लिहितों. विकणाराच्या गांवीं आपला कोणी आप्त नसला तरी सायकली दुरुस्त करणारा कोणीतरी जाणता असतोच. त्याची मजुरी आपण भरावी आणि सायकल त्याच्याकडे न्यावयास सांगावें. सत्तर हजारांपुढें ती मजुरी किती? जो विकणारा याला राजी होत नाहीं, त्याच्याशीं बोलणें तेथेंच थांबवावें. कारागिरानें चिमटा बाहेर काढून नळी पाहावी. सीटची दांडी उपसून पाहावी. अॅल्युमिनियम आणि कार्बन यांची घामानें व ओलाव्यानें एकमेकांशीं अशी गांठ बसते कीं, कित्येकदां ती दांडी निघतच नाहीं, आणि ओढाताणींत फ्रेम जाते. पायडलांच्या आंसाखालची बाजू, चेन पडून घांसते ती जागा, मागच्या चाकाच्या दोन्ही दांड्या, येथें दिवा तिरपा धरून बघावें. समोरून पाडलेल्या उजेडांत चीर लपते. नाण्यानें हलके ठोकीत गेल्यास धडक्या भागाचा नाद तीक्ष्ण येतो आणि थर सुटलेल्या ठिकाणीं तो बसका येतो. वहिनींचा माठ तो हाच. मात्र एवढ्यावर सर्वस्वीं विसंबतां येत नाहीं. शंका राहिली तर ध्वनिलहरींनीं तपासणारे लोक मोठ्या शहरांत आहेत.

चेनीची गोष्ट किरकोळ वाटते, पण तीवरून सायकल किती चालली तें कळतें. चेनीचे बारा पूर्ण दुवे नवेपणीं बरोबर बारा इंच भरतात. इंचाचा सोळावा हिस्सा वाढला असेल तर चेन संपली समजावी, आणि त्याहून पुष्कळ वाढली असेल तर दांतेहि झिजले असणार. "फार थोडी चालविली आहे" या वाक्याची परीक्षा पट्टीनें होते. बैलाचे दांत मोजण्यासारखेंच हें आहे. फ्रेमीवर कोरलेल्या क्रमांकाचें छायाचित्र आणि मूळ पावती मागावी, कारण चोरीच्या सायकली विकल्या जातात आणि नामांकित कंपन्यांच्या नांवाच्या नकली फ्रेमीहि बाजारांत आहेत. कंपनीची हमी बहुधा पहिल्या धन्यापुरतीच असते, हें विकणारा सांगतोच असें नाहीं. उंचीचें माप कागदावर ताडून पाहावें. अंगाला न बसणारी सायकल स्वस्त मिळाली तरी पाठीला महाग पडते. आणि पैसे दोन हप्त्यांत द्यावेत. इसार आधीं, बाकी तपासणीनंतर.

कायद्याचा भाग बंधूंनीं सांगितला तो असा. सन १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याप्रमाणें विकणारा त्या मालाचा व्यापारी नसेल तर माल चांगलाच असला पाहिजे अशी हमी कायदा आपण होऊन सहसा देत नाहीं. पारख घेणारानें करावयाची. परंतु वर्णनावरून माल विकला असेल तर तो त्या वर्णनाबरहुकूम असला पाहिजे. म्हणून "सायकल उत्तम आहे" या शब्दांस किंमत नाहीं. "फ्रेमीला, चिमट्याला व दांडीला कोठेंहि चीर नाहीं, दुरुस्ती झालेली नाहीं" असा मजकूर लिहून घ्यावा. आमच्या सुदैवानें विकणारानें एका निरोपांत "कोठेंही चीर नाही" असे शब्द आपण होऊनच लिहिले होते. बंधूंनीं पत्र लिहिलें तें सौम्य लिहिलें, कारागिराचा अभिप्राय आणि चिरेचें छायाचित्र जोडलें, आणि नव्या चिमट्याचा खर्च मागितला. आठ दिवस उत्तर नव्हतें. नवव्या दिवशीं निम्मी रक्कम आली आणि सोबत दोन ओळी, कीं याच सायकलीवर मी माझ्या मुलीला पुढें बसवून फिरविलें आहे. बंधूंनीं बाकीची मागणी पुन्हां केली नाहीं.

नवा चिमटा बसला. सर्व जोडकाम जोर मोजणाऱ्या किल्लीनें झालें आणि ती किल्ली आतां घरांत आहे. पडवींतल्या लोखंडी सायकलीलाहि ती लावावी असा आत्याबाईंचा आग्रह असतो. डिसेंबरांत पुतण्यानें ३०० किलोमीटरांची फेरी वेळेच्या आंत पुरी केली. निघतांना वहिनींनीं दहीसाखर हातावर ठेवली आणि पुढचें चाक धरून हँडल दोन्ही अंगांनीं हलवून पाहिलें. हें त्यांना कोणीं शिकविलें नव्हतें. चिरलेला चिमटा पडवींत खुंटीला टांगला आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला आम्ही तो दाखवितों.

गेल्या महिन्यांत आमच्या त्या शेजारच्या गृहस्थांस बिदरकडून कोणीं एका वानेऱ्या बैलाचें छायाचित्र मोबाईलवर पाठविलें. बैल देखणा होता. त्यांनीं तें पुतण्यापुढें धरलें आणि विचारलें, "चालताना मागला पाय कसा टाकतो, हे कळतंय का रे यात?"

"नाहीं, मामा."

दुसऱ्या दिवशीं पहांटेच्या गाडीनें ते बिदरला गेले.